पेल्यातला भात आणि कपातली कॉफी

अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांत गेल्या काही वर्षांपासून ‘डर्टी ओर्चाता’ नावाचे एक थंड पेय मिळू लागले आहे. तांदूळ भिजवून, वाटून, गाळून केलेले दालचिनीचे गोड पाणी किंवा दूध आणि त्यात ओतलेली कडक एस्प्रेसो कॉफी, असे त्याचे स्वरूप. कॉलेजात जाणारी आपली मुले ते आवडीने पितात आणि सुटीत घरी आली की आई-वडिलांना, भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही पाजतात. ‘तांदळाचेच तर आहे, पचायला हलके,’ असे म्हणत आजोबा पेला रिकामा करतात. जेवताना भाताची मूद मोजून घेणारे हेच आजोबा दोन जेवणांच्या मध्ये न मोजता भात पिऊन मोकळे होतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

मला स्वतःला तांदूळ आणि कॉफी ही जोडी आवडते. ती सोडून द्या असे सांगायला हा लेख नाही. पण तांदूळ पातळ होऊन पेल्यात गेला म्हणून तो भात असायचा थांबत नाही, आणि कॉफी जेवणाच्या जोडीला आली की जेवणावर तिचा परिणाम होतो. या दोन गोष्टी कळल्या तर ही जोडी घरी, कमी खर्चात आणि पथ्य सांभाळून जमवता येते.

जोडी नवी नाही

तांदूळ आणि कॉफी यांची अमेरिकेतली जुनी गाठ लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात पडलेली आहे. तिथे ‘कला’ नावाचा एक पदार्थ असे. शिजवलेला भात कुस्करून, रात्रभर यीस्ट घालून फुगवायचा, सकाळी त्यात पीठ, अंडी, साखर आणि जायफळ घालून गोळे तळायचे, वर पिठीसाखर भुरभुरायची आणि दुधाच्या गरम कॉफीबरोबर खायचे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर हा पदार्थ तिथे आला असे मानतात. डोक्यावर टोपली घेऊन कृष्णवर्णीय स्त्रिया फ्रेंच क्वार्टरच्या रस्त्यांवर आरोळी देत हे गरम गोळे विकत. लुइझियाना स्पॅनिश अमलाखाली असताना गुलामांना पैसे भरून स्वतःची सुटका विकत घेण्याचा कायदेशीर हक्क होता, आणि अशी फिरती विक्री हा ते पैसे जमवण्याचा एक मार्ग होता. आपण ज्याला शिळ्या भाताचे वडे म्हणून नाक मुरडू, त्यावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून होते!

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रस्त्यावरच्या या विक्रेत्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि कॉफीच्या बशीत भाताच्या गोळ्याची जागा मैद्याच्या बेन्येने घेतली. १८६२ साली सुरू झालेल्या कॅफे दु माँदमध्ये आजही कॉफीबरोबर बेन्येच मिळतो. कला आता तिथल्या काही मोजक्या उपाहारगृहांतच मिळतात. कॉफी मात्र चिकोरी घातलेलीच राहिली. यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाल्यावर कॉफी पुरवून वापरण्यासाठी चिकोरीचा वापर वाढला आणि लोकांना ती चवच आवडू लागली. आपल्याकडच्या दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत आणि ‘ब्रू’च्या पुडीत हीच चिकोरी असते. त्याच युद्धाच्या काळात दक्षिणेतल्या घरांत कॉफीच मिळेनाशी झाली, तेव्हा राय, रताळी, ओकची फळे यांच्याबरोबर तांदूळही काळपट भाजून त्याची ‘कॉफी’ करून पीत.

मला या पदार्थात सर्वांत जवळचे वाटते ते जायफळ. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा कोजागिरीला रात्री उशिरा आपल्याकडे जी दुधाची कॉफी होते तिच्यात जायफळ-वेलदोडा हवाच. न्यू ऑर्लिन्सच्या बायकांनी जायफळ भातात घातले, आपण ते कॉफीत घातले. दोन्ही एका बशीत आले की कोणी परके वाटत नाही.

घरी करायचे असेल तर दोन कप गार भातात दोन अंडी, सहा मोठे चमचे कणीक किंवा मैदा, दोन मोठे चमचे साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ घालून कालवा. तळण्याऐवजी आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून केले तरी उत्तम होतात. मी तसेच करते. इंद्रायणी किंवा कॅलरोजसारखा चिकट भात घ्या. बासमतीचा मोकळा भात असेल तर गोळा धरत नाही.

मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवण्याची जुनी रीत पाळू नका. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवल्याने मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचे एक विष असे आहे की ते पुन्हा तापवून किंवा तळूनही नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. फोडणीच्या भाताचेही हेच. मुंबई-पुण्याच्या घरी आपण असे करत नव्हतो आणि काही झाले नाही, हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकले आहे. त्या घरी दहा जणांत भात फारसा उरतच नसे, हेही आठवून पाहावे.

पेल्यात किती भात जातो?

आता ओर्चाताकडे वळू. स्पेनमध्ये हे पेय चुफा नावाच्या एका कंदाचे करतात. स्पॅनिश लोकांबरोबर ते मेक्सिकोत आले आणि तिथे तांदळाचे झाले. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा मेक्सिकन वस्ती असलेल्या राज्यांत ते टाकेरियात वर्षानुवर्षे मिळते. अनारशासाठी तांदूळ भिजवणाऱ्या किंवा घावनाचे पीठ वाटणाऱ्या बाईला त्यात नवे काहीच नाही.

घरगुती पद्धतीत साधारणतः एक कप तांदूळ, पाच कप पाणी आणि अर्धा कप साखर धरतात. एक कप कोरड्या तांदळात सुमारे १४५ ते १५० ग्रॅम पिष्ट असते. त्यातले बरेचसे गाळणीवरच्या चोथ्यात राहते. अर्धे खाली उतरले असे धरले, तर पाच पेल्यांत प्रत्येकी १५ ग्रॅम. अर्धा कप साखर म्हणजे १०० ग्रॅम, प्रत्येक पेल्यात २०. एकूण ३५ ग्रॅम कर्बोदके झाली. एक कप शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे ४५ ग्रॅम असतात. म्हणजे एक पेला हा पाऊण कप भात झाला, आणि तोही वरण, भाजी, ताक यांच्याशिवाय. दुकानातला पेला याहून मोठा असतो आणि त्यात बरेचदा तयार पाक घातलेला असतो, तेव्हा तिथला आकडा वरच जाणार. अमेरिकन हार्ट असोसिएशनने वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा स्त्रियांसाठी २५ ग्रॅम आणि पुरुषांसाठी ३६ ग्रॅम सांगितली आहे. स्त्रियांची मर्यादा एका पेल्यात जवळजवळ संपते.

खोक्यातल्या तयार राइस मिल्कचा प्रकार आणखी वेगळा आहे. त्यावर ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले असले तरी ते गोड लागते. कारण कारखान्यात शिजवलेल्या तांदळावर एन्झाइम सोडून पिष्टाचेच साखरेत रूपांतर करतात. जे काम आपल्या लाळेने आणि आतड्याने हळूहळू करायचे ते आधीच उरकलेले असते. अशा एका कपात साधारण २३ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. गाईच्या दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून खोक्याच्या पुढच्या बाजूचे शब्द वाचू नका, मागचा चौकोन वाचा आणि त्यातली ‘टोटल कार्बोहायड्रेट’ ही ओळ आधी पाहा.

हे इतक्या बारकाईने सांगायचे कारण आपले शरीर. कॅलिफोर्नियाचा बे एरिया आणि शिकागो इथल्या दक्षिण आशियाई लोकांचा मसाला या नावाने जो दीर्घ अभ्यास चालू आहे, त्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: वयाचा फरक काढून टाकल्यावर आपल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण २३ टक्के, गोऱ्यांत ६ टक्के. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या माणसांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली, ती यामुळेच. आपण अंगाने सडपातळ दिसलो तरी पोटात चरबी असते. भाताबद्दलही काही अभ्यास झाले आहेत. हार्वर्डच्या २०१० सालच्या अभ्यासात आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १७ टक्के जास्त आढळला. २०२० साली एकवीस देशांच्या पाहणीत दिवसाला ४५० ग्रॅमपेक्षा अधिक शिजवलेला भात खाणाऱ्यांमध्ये हा धोका सर्वांत जास्त वाढलेला दिसला तो दक्षिण आशियात.

याचा अर्थ भात टाकावा असा मी घेत नाही. वरणभात, लिंबू, तूप हे जेवण आहे आणि त्यात प्रथिने व स्निग्ध पदार्थ भाताचा वेग कमी करतात. नुसता पातळ, गोड भात रिकाम्या पोटी घेणे ही त्याच्या उलट गोष्ट. पेला घ्यायचाच असेल त्या दिवशी ताटातला भात तेवढा कमी करा, असा माझा साधा नियम आहे. मधुमेह्यांनी पेय घेण्यापूर्वी आणि नंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर रक्तशर्करा पाहावी. आपल्या शरीराचा स्वतःचा आकडा दिसला की माझ्या लेखाची गरज उरत नाही.

कॉफी जेवणावर काय करते

कॉफीबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यामुळे लोक गोंधळतात. दीर्घकाळ नियमित कॉफी पिणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळते. हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे आणि कॅफीन काढलेल्या कॉफीतही दिसते, म्हणजे श्रेय कॅफीनचे नसावे. दुसरीकडे, ज्याला मधुमेह आहेच त्याने जेवणाच्या वेळी कॅफीन घेतले तर साखर त्या वेळेपुरती अधिक चढते. ड्यूक विद्यापीठात २००४ साली रोज कॉफी पिणाऱ्या १४ मधुमेह्यांवर हा प्रयोग झाला, तेव्हा जेवणानंतरची रक्तशर्करा २१ टक्के अधिक भरली. चौदा माणसे म्हणजे थोडीच, पण पुढच्या प्रयोगांतही दिशा तीच राहिली. भाताचे गोड पेय आणि कॅफीन एकाच पेल्यात घेणे मधुमेह्याला का महागात पडते, हे यावरून लक्षात येईल. त्यांनी कॅफीनविरहित कॉफी वापरावी. तिने चवीत फार फरक पडत नाही. दालचिनी आणि जायफळ बरेच सांभाळून घेतात.

दुसरा प्रश्न लोहाचा, आणि तो मुख्यतः स्त्रियांचा. शाकाहारी जेवणातले लोह मुळात कमी शोषले जाते. कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्ये त्या लोहाला धरून ठेवतात. १९८३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात हॅम्बर्गरच्या जेवणाबरोबर एक कप कॉफी दिली तेव्हा लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, चहाने तर ६४ टक्क्यांनी. त्यातली गंमत अशी की कॉफी जेवणाच्या एक तास आधी दिली तर काहीच घट झाली नाही, पण एक तास नंतर दिली तर बरोबर दिल्याइतकीच झाली. पोटात जेवण असते तोवर कॉफी त्याला गाठतेच. ज्या बाईचे हिमोग्लोबिन कमी आहे, ती पालक-वरण-भात जेवून उठल्यावर लगेच कॉफी घेते आणि वर लोहाची गोळीही कॉफीबरोबरच गिळते. तिचे पालकाचे पैसेही वाया आणि गोळीचेही. तिने कॉफी जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी घ्यावी, आणि भातावर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्व लोहाला मदत करते.

इथे एकाच घरात दोन पथ्ये निघतात. मधुमेही नवऱ्याने गोड भाताचे पेय रिकाम्या पोटी घेऊ नये, आणि पंडुरोग असलेल्या बायकोने कॉफी जेवणाला लावून घेऊ नये. चार वाजता दोघांनी एकत्र कॉफी घ्यायची असेल तर सोपा मार्ग असा: दोघांनाही बिनसाखरेची कॉफी, आणि त्याच्या बशीत थोडे दाणे किंवा भाजलेले चणे.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची संख्याही आपल्यात कमी नाही. लेव्होथायरॉक्सिनची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. गोळी गिळून लगेच कॉफी घेतली तर औषध पुरते शोषले जात नाही, आणि मग डॉक्टर मात्रा वाढवत बसतात. कॅफीनची निरोगी प्रौढाची मर्यादा एफडीएच्या मते दिवसाला ४०० मिलिग्रॅम, गरोदरपणात २०० मिलिग्रॅमच्या आत. साध्या गाळलेल्या कॉफीच्या आठ औंसांच्या कपात सुमारे ९५ मिलिग्रॅम आणि एस्प्रेसोच्या एका मापात सुमारे ६३ मिलिग्रॅम असते. भांड्यात पूड उकळून चहाच्या गाळणीने गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचे तेल उतरते, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी गाळणीत ते अडकते, आणि इन्स्टंट कॉफीत ते फारच थोडे असते.

लहान मुलांना हे देऊ नका

या विषयात मी कुठे आवाज चढवत असेन तर तो इथे. दुधाची ॲलर्जी आहे किंवा घर व्हीगन आहे म्हणून वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला दुधाऐवजी राइस मिल्क देण्याची पद्धत रूढ होऊ पाहते आहे. २००१ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अटलांटातल्या एका २२ महिन्यांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचे मुख्य अन्न तांदळाचे पेय होते. त्याला क्वाशिओरकोर, म्हणजे प्रथिनांच्या अभावाने अंगावर सूज येणारा आजार झाला. दुष्काळी देशात दिसणारा रोग अमेरिकेतल्या मोठ्या शहरात!

दुसरे कारण आर्सेनिक. भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि त्यात मातीतले आर्सेनिक सुटून तांदळात जाते. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने तांदळाच्या पेयातून ते फार जाते, म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना अशी पेये देऊ नयेत अशी सरकारी सूचना आहे. अमेरिकेत एफडीएने बाळांच्या तांदळाच्या सीरियलसाठी २०२० साली १०० पीपीबी ही पातळी ठरवली. मोठ्यांनी घाबरून जायचे कारण नाही, पण निवड करता येते. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या तपासणीत भारत, पाकिस्तान आणि कॅलिफोर्नियाचा पांढरा बासमती बराच चांगला ठरला. टेक्सास, लुइझियाना, आर्कान्सा इथल्या तांदळात प्रमाण जास्त निघाले. ब्राऊन राइसमध्ये त्याच जातीच्या पांढऱ्या तांदळापेक्षा ते अधिक असते, कारण आर्सेनिक कोंड्यात साठते.

आणि इथे आपली आजी पुन्हा बरोबर ठरते. भरपूर आधणात तांदूळ सोडून, शिजल्यावर वेळून घेण्याची कोकणातली रीत आहे. सहा ते दहा पट पाण्यात शिजवून पाणी काढून टाकले तर अकार्बनी आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होते, असे एफडीएच सांगते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथल्या ‘एनरिच्ड’ तांदळावर लोह आणि फोलेट लावलेले असते, ते या पाण्याबरोबर निघून जाते. आणि आर्सेनिकासाठी वेळत असाल तर ती पेज प्यायची नाही, टाकायची. हे लिहिताना मालवणी वाचक रागावतील हे मला माहीत आहे. प्रेशर कुकर आल्यापासून आपण हे वेळणे विसरलो, आणि राइस कुकरने तर उरलेली आठवणही पुसली.

थोडे पैशाचे

२० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीच्या पोत्यांवर पडलेली झुंबड आठवत असेल. एका कुटुंबाला एकच पोते अशा पाट्या लागल्या, भाव भडकले आणि लोकांनी वर्षाचा तांदूळ गॅरेजमध्ये रचला. बंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली. ज्यांनी दुप्पट भावाने साठा केला त्यांना काय मिळाले, हे त्यांनीच सांगावे. कॅलिफोर्नियाचा तांदूळ त्या सगळ्या काळात शेजारच्या फळीवर होता.

कॉफीचे उलटे आहे, तिला देशात पर्याय नाही. हवाई आणि पोर्तो रिको सोडले तर अमेरिकेत व्यापारी प्रमाणात कॉफी फारशी पिकत नाही. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या अवर्षणानंतर न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाने डिसेंबर २०२४ मध्ये १९७७ चा उच्चांक मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाला चार डॉलरच्या वर मजल मारली. दुकानातल्या पेल्याच्या किमतीत कॉफीच्या बियांचा वाटा मात्र थोडाच असतो. भाडे, मजुरी आणि दुकानाचे नाव यांचे पैसे आपण देतो.

आमच्या गावात हा पेला करासह सहा डॉलरला पडतो. घरचा हिशेब असा. अर्धा कप तांदूळ, सुमारे ९५ ग्रॅम. वीस पौंडांचे पोते २२ डॉलरला धरले तर २३ सेंट. त्यात चार पेले होतात, म्हणजे पेल्याला सहा सेंट. कॉफीची बारा औंसांची पिशवी १२ डॉलरला धरून पेल्याला १० ग्रॅम पूड ३५ सेंट. दूध, दालचिनी आणखी वीस सेंट. साठ-पासष्ट सेंटमध्ये काम होते. आठवड्याला तीन पेल्यांवर प्रत्येकी पाच डॉलर वाचले तर वर्षाचे ७८० डॉलर. ते दरवर्षी रॉथ आयआरएमध्ये टाकले आणि सरासरी ६ टक्के वाढ धरली, तर वीस वर्षांत सुमारे २८,७०० डॉलर होतात. बाजार ६ टक्के देईलच अशी हमी कोणी देत नाही. पण ७८० डॉलर नक्की तुमचे आहेत. आणि ‘आरोग्यदायी पेय’ म्हणून अशा गोष्टींच्या पावत्या एचएसएत लावू नका. साधे खाणेपिणे हा वैद्यकीय खर्च होत नाही, आणि तसे भासवणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा असे आयआरएसने मार्च २०२४ मध्ये बजावले आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या व्हिजिटर विम्यात तर जुना मधुमेह बहुधा धरलेलाच नसतो. त्यांच्या बाबतीत वाढलेल्या साखरेची किंमत खिशातून मोजावी लागते.

आमच्या घरी होणारे पेय असे: अर्धा कप बासमती धुऊन, दालचिनीचा तुकडा आणि चार बदाम घालून दोन कप पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायचा. ओट्यावर नाही. सकाळी बारीक वाटून, आणखी दीड कप पाणी घालून पातळ फडक्यातून गाळायचे. गोडीसाठी चार पेल्यांना मिळून दोन खजूर वाटणातच घालते. मधुमेह्यांसाठी तेही नको. पेल्यात अर्धे हे पाणी, पाव भाग दूध, पाव भाग गार कडक कॉफी आणि वर जायफळ. पिष्ट तळाशी बसते, म्हणून ओतण्यापूर्वी बाटली हलवावी. कच्च्या तांदळाचे असल्याने दोन दिवसांच्या वर ठेवू नये. गाळणीवर उरलेला चोथा टाकू नका. त्यात थोडे ताक, जिरे, मिरची घातली की तव्यावर दोन-तीन घावने सहज निघतात. आणि कॅफीन मुळीच नको असेल त्यांनी मूठभर तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर कॉफीच्या रंगाइतके भाजून, पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळून पाहावेत. फिलिपीन्समध्ये ही तांदळाची कॉफी अजून पितात. आजारी माणसाला भाजलेल्या तांदळाची पेज देणाऱ्या आपल्या घरांत ती चव लगेच ओळखू येईल.